चोराने मागे ठेवलेला ट्रे

१. डबकं

मानवजातीला आजवर लागलेल्या समस्त व्यसनांमध्ये सूड हे सर्वांत प्राचीन, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत असाध्य व्यसन होय.

हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी गार लघवीच्या डबक्यात उभा होतो आणि माझा डावा बूट गळका होता.

उभं राहण्याचं कारण सरकारी होतं. व्यसनमुक्ती संशोधन केंद्राच्या नीतिसमितीवर डॉक्टर लागतात, वकील लागतो आणि नियमाप्रमाणे एक 'सामान्य माणूस' लागतो. जन्मभर लोकांची टिंगल लिहून निवृत्त झाल्यावर मला मिळालेलं हे एकमेव अधिकृत पद. दुसऱ्या दिवशी अनुदान मंडळाच्या पाहुण्या येणार होत्या, त्यांच्यासमोर मी चार शब्द बोलायचे होते, आणि त्याआधी नमुन्यांची खोली एकदा बघून घ्या म्हणून केंद्राच्या सिस्टर मला भल्या सकाळी तिथे घेऊन आल्या होत्या.

सिस्टरने दार उघडलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. डीप फ्रीझरचं दार किलकिलं होतं. प्लग काढून वर व्यवस्थित वायर गुंडाळलेली होती. आतून थेंब थेंब गळत होतं. वासाबद्दल लिहीत नाही, वाचकांचं जेवण व्हायचं असेल.

"चार ट्रे नाहीत!" सिस्टर किंचाळल्या. "पाचातले चार गेले!"

त्या फ्रीझरमध्ये केंद्राचा जीव होता. नशेच्या गोळ्यांतून सुटायला आलेल्या लोकांवर एका नव्या औषधाचा अभ्यास चालला होता. कोण खरंच सुटलं आणि कोण नुसतं 'सुटलो' म्हणतं, ते त्या लघवीच्या नळ्याच सांगणार होत्या. मंडळाच्या बाई त्यातल्या काही नळ्या बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवणार होत्या. निकाल जुळला तर पुढच्या टप्प्याचं अनुदान. नाही जुळला तर केंद्राला कुलूप, आणि रोज सकाळी औषधासाठी दारात उभे राहणाऱ्यांनी जायचं कुठे, हे त्यांचं त्यांनी बघायचं.

तेवढ्यात संचालक धापा टाकत आले. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांच्या घरचेही म्हणतात अशी अफवा आहे. हातात प्रवासाची भलीमोठी बॅग होती. आम्हाला बघून ते इतके दचकले की बॅग खाली पडली. पडली ती आवाज न करता, पिसासारखी.

"कोणी केलं हे?" सर गरजले. "मी सोडणार नाही त्याला! उद्यापर्यंत मला तो माणूस पाहिजे. नीतिसमितीने चौकशी करावी, ही माझी लेखी मागणी समजा!"

माणसाने मागणी करताना जरा विचार करावा. कधी कधी ती मान्य होते.

२. भूलबाई

आमच्या समितीच्या अध्यक्षा म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ. मागून सगळे त्यांना भूलबाई म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. हजारो माणसं त्यांनी झोपवली आणि एक सोडून सगळी उठवली. ("तो एक अजून झोपलाय. माझा नवरा. ऑपरेशन काही नव्हतं, स्वभावच तसा.") झोपलेला माणूस खरंच झोपलाय की सोंग घेतोय, हे त्या पापणीवरून ओळखतात.

त्या आल्या, फ्रीझरपुढे उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"सामान्य," त्या म्हणाल्या. मला त्या याच नावाने हाक मारतात. "चोरी झाली की लोक काय गेलं ते मोजतात. तुम्ही मला सांगा, राहिलं काय?"

"एक ट्रे."

"हलवून बघा."

मी हातमोजा घालून ट्रे ओढला. तो हलेना. खालच्या फळीला बर्फाच्या जाड थराने जखडला होता. थर अजून पुरता वितळला नव्हता. ट्रेमधल्या नळ्यांची झाकणं वर उचललेली, काही तडकलेली. गळत होतं ते तिथूनच.

"खोलीच्या किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे, सरांकडे," सिस्टर म्हणाल्या, "आणि अनुदानाचे अर्ज लिहिणाऱ्या ताईंकडे. त्यांना फोटो काढायला लागतात."

"आणि इथे सरांवर डूख धरून कोण कोण आहे?"

सिस्टरने मोजायला बोटं उघडली, आणि मग दुसरा हातही पुढे केला.

३. रांग

सूड घ्यायला इतके लोक उत्सुक होते की टोकन द्यावी लागली असती.

पहिला नंबर संख्याशास्त्रज्ञाचा. त्याला सगळे 'सरासरी' म्हणतात, कारण तो कधी खूश नसतो आणि कधी फार दुःखीही नसतो. त्या दिवशी मात्र तो सरासरीच्या बराच वर होता.

"मी फ्रीझर बंद केला असता?" तो म्हणाला. "बाई, मी तो फ्रीझर उचलून सरांच्या डोक्यात घातला असता. आकडे माझे आणि शोधनिबंधात माझं नाव कुठे, तर खाली तळटीपेत, छपाई करणाऱ्याच्या शेजारी! का? तर मी विचारलं, अभ्यास अर्धवट सोडून गेलेले लोक परत सापडले की झाडून सगळे कसे व्यसनमुक्त निघतात? देव पावल्यासारखे!"

"आणि हे अनुदान?"

"ते ताईने शोधलं. मी म्हटलं होतं, अगं, सोपी अनुदानं डझनभर आहेत, कागद मागतात आणि गप्प बसतात. हिने नेमकं ते काढलं ज्यांची माणसं येऊन झाकण उघडून बघतात. वर्षभर त्यामागे लागली होती. हौस बाई एकेकाला!"

दुसरा नंबर सिस्टरचा. त्यांचा राग कामाचा होता. "चार ट्रे माझ्या हाताने भरलेत मी! एकेका पोराला गोड बोलून, चहा पाजून नमुना घ्यायचा. नळी पाऊणच भरायची, वर जागा सोडायची. पाणी गोठलं की अंग फुगवतं, नव्या अधिकाऱ्यासारखं. काठोकाठ भरली तर झाकण उडालंच समजा."

"मग राहिलेल्या ट्रेची झाकणं उडालेली का?"

"तो माझा नाही." सिस्टरच्या आवाजात आदर आला. "तो गळालेल्यांचा. जे यायचे बंद झाले त्यांच्याकडे सर स्वतः सुट्टीच्या दिवशी घरोघर जायचे. एवढा मोठा माणूस, हातात बाटली घेऊन! कोण करतं हो आजकाल?"

भूलबाईंची पापणी तेवढी हलली.

तिसऱ्या ताई. केंद्राचे सगळे अर्ज त्या लिहायच्या. कुठल्या मंडळाला कुठला शब्द आवडतो हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या टेबलावर एक पेला, एक पेन आणि धाकट्या भावाचा हसरा फोटो. भाऊ याच केंद्रात उपचाराला होता; तो गेला हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे.

"सरांबद्दल राग?" ताई शांतपणे म्हणाल्या. "मी त्यांना आयुष्यातलं सर्वांत मोठं अनुदान मिळवून देतेय, बाई. राग असता तर दिलं असतं का?"

उत्तर चोख होतं. मला ते पटलं. मी सामान्य माणूस आहे.

शेवटी सर. त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला, स्वतःचा बिनसाखरेचा. "साखर सोडली मी," ते नेहमीप्रमाणे म्हणाले. "गोळी नाही, औषध नाही, नुसत्या इच्छाशक्तीवर! मी माझ्या रुग्णांना हेच सांगतो." हे सांगताना त्यांनी माझ्या बशीतली क्रीमची बिस्किटं एकामागून एक संपवली.

"ती बॅग कशासाठी होती?" बाईंनी विचारलं.

"बॅग? पाहुण्यांच्या फायली आणल्या होत्या."

"बरं," बाई म्हणाल्या. आणि निघताना दारात वळून म्हणाल्या, "फायली फार हलक्या आहेत हो तुमच्या."

डोकं तापलं म्हणून मी मागच्या बाजूला कँटीनमध्ये गेलो आणि आइस्क्रीम मागितलं.

"आज आइस्क्रीम नाही," कँटीनवाले काका म्हणाले.

"संपलं?"

"नाही हो. जागा नाही."

विहीर भरलीय म्हणून पाणी मिळणार नाही, असं सांगावं तसं ते वाटलं. मी विनोद म्हणून हे बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

४. डावा बूट

संध्याकाळी घरी आलो. बूट दाराशी काढले, पाय तीनदा धुतले आणि हिला सगळी हकीकत सांगितली, कशात उभा होतो एवढं वगळून. संसार टिकवायचा तर संपादन लागतं.

थोड्या वेळाने ही बाहेरून ओरडली, "अहो, बुटात साखर सांडलीत की काय?"

"माझ्या पायगुणानेच..."

"पायगुण राहू द्या. इकडे या."

दाराच्या फटीतून मुंग्यांची रांग येत होती, शिस्तीत, शाळा भरल्यासारखी. सगळ्या माझ्या डाव्या बुटात शिरत होत्या. उजवा बूट शेजारीच होता. त्याच्याकडे एकीनेही ढुंकून पाहिलं नव्हतं.

डावा गळका. उजवा कोरडा.

मी फोन उचलला. भूलबाईंनी ऐकून घेतलं. मग पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं, सवयीने त्यांनी मलाच झोपवलं.

"सामान्य," त्या शेवटी म्हणाल्या, "तो बूट धुऊ नका. आणि सकाळी मला कँटीनमध्ये भेटा. आपल्याला आइस्क्रीम खायचंय."

५. दोन हात

सकाळी बाईंनी काकांना फ्रीज उघडायला सांगितला. काका म्हणाले, किल्ली ताईंकडे आहे, त्यांनी औषधं ठेवलीत. बाईंनी ताईंना बोलावलं. ताई आल्या, आमच्याकडे बघितलं आणि सरळ कुलूप काढलं.

व्हॅनिलाच्या डब्यांवर चार ट्रे. नळ्या पाऊण भरलेल्या, झाकणं घट्ट, दगडासारख्या गोठलेल्या.

"मला पहिल्यापासून एक खटकत होतं," बाई म्हणाल्या. "नमुने नासवायचे असते तर प्लग काढला की काम झालं, चार ट्रे उचलून न्यायचे कष्ट कशाला? आणि नमुने न्यायचेच होते तर जाताना प्लग कशाला काढायचा? हे एका माणसाचं काम नाही. दोन हात आहेत, आणि उलट्या दिशेचे. एकाला चार ट्रे थंड ठेवायचे होते. दुसऱ्याला पाचवा ट्रे गरम करायचा होता."

"पहिला हात माझा," ताई म्हणाल्या. "दुसरा ओळखा."

"ओळखला. बसा. आधी तुमचं सांगा."

ताई बसल्या. मी डब्यावर बसलो, दुसरी जागा नव्हती.

"अभ्यासात नावं नसतात, नंबर असतो. माझा भाऊ बहात्तर. घरीही तेच म्हणायचा, 'आई, बहात्तरला भूक लागलीय.' चार महिने चांगला होता. मग एक दिवस घसरला, आणि त्या एकाच दिवसात संपला. सर भेटायला आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'ताई, एका अर्थी तो सुटला. आता तो कधीच घेणार नाही.'"

ताईंनी वरच्या ट्रेमधली एक तिरपी नळी सरळ केली.

"मला वाटलं, सांत्वन करताहेत. वर्षभराने एका अर्जासाठी फ्रीझरचा फोटो काढायला गेले. मागच्या ट्रेमध्ये बहात्तर नंबरच्या तीन नळ्या. तारखा त्याच्या अंत्यविधीनंतरच्या. तिन्हींवर शिक्का, 'व्यसनमुक्त'. सांत्वन नव्हतं ते, बाई. तो त्यांचा हिशेब होता. आणि 'शंभरात ऐंशी सुटले' हे वाक्य मी माझ्या हाताने आठ अर्जांत लिहिलंय. त्या ऐंशीत माझा भाऊ आहे."

"तक्रार का नाही केली?"

"केली असती तर चौकशी लागली असती. चौकशी अधिकारी कोण? सर." ताई हसल्या, ते हसू बघून मला गार वाटलं, आणि कारण फ्रीज नव्हतं. "माणसाला खड्ड्यात ढकलायचं तर आधी उंचावर न्यावं लागतं. मी वर्षभर त्यांना उंचावर नेलं. देशात झाकण उघडून बघणारं जे सर्वांत मोठं मंडळ, तेच शोधलं. पण उघडतानासुद्धा नळ्या निवडून देणार सरच, आणि देणार सिस्टरच्या ट्रेमधल्या. म्हणून परवा, सुट्टीच्या दिवशी, मी ते चार काढले. पाहुण्यांपुढे सरांनी त्यांच्या हाताने, मेलेल्या माणसाच्या नळ्यांसकट, पाचवा ट्रे द्यावा, एवढंच मला बघायचं होतं. प्लगचं मला स्वप्नातही नव्हतं."

"आणि त्यात केंद्र बुडालं असतं तर? दारात उभी असतात ती पोरं?"

"म्हणून तर चार ट्रे इथे जपले. त्यांतलं खरं आहे. शंभरात तीस सुटतात. तीस थोडे नाहीत, बाई. माझा भाऊ एकतिसावा होता, एवढंच."

भूलबाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"अन्नाच्या फ्रीजमध्ये लघवी ठेवल्याबद्दल समिती तुम्हाला सक्त ताकीद देईल," त्या म्हणाल्या. "चला. तुम्हाला पहिल्या रांगेत बसायचंय."

६. सभा

मंडळाच्या बाई दुपारी आल्या, कमी बोलणाऱ्या, जास्त बघणाऱ्या. सरांचं भाषण अप्रतिम झालं. "कोणा सूडबुद्धीच्या माणसाने आमच्या रुग्णांच्या पोटावर पाय दिला!" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. माझे चार शब्द रद्द झाले.

भूलबाईंनी खूण केली. काकांनी ढकलगाडीवरून चार ट्रे आणले.

"सापडले!" सर आनंदाने उठलेच. "मग प्रश्नच मिटला! यातलेच घ्या, बाई, हवे तितके घ्या!"

"घेते," पाहुण्या म्हणाल्या. "आणि पाचवा?"

"तो बाद. एकदा वितळलेला नमुना नियमाप्रमाणे बाद."

"संशोधनाला बाद," भूलबाई म्हणाल्या. "मुंग्यांना नाही. सामान्य, काढा."

मी पिशवीतून डावा बूट काढून टेबलावर ठेवला. कधी नव्हे ते माझ्या एखाद्या गोष्टीकडे लोक गंभीरपणे बघत होते. बुटात अजून सात-आठ मुंग्या होत्या; त्या बिचाऱ्या गाडी चुकल्यासारख्या फिरत होत्या.

"त्या ट्रेमधून जे सांडलं ते यात मुरलंय," भूलबाई म्हणाल्या. " मुंगी उगाच येत नाही. सकाळी मी सिस्टरकडून साखर तपासायची पट्टी घेतली आणि ट्रेमधल्या एकेका नळीत बुडवली. ट्रेमध्ये तीस वेगवेगळ्या माणसांची लघवी आहे म्हणे. तिसांच्या तिसांना सारखीच साखर. चार ट्रेंमध्ये? पट्टीचा रंगसुद्धा बदलला नाही."

"व्यसनी लोकांना मधुमेह होऊ शकतो!" सर म्हणाले.

"होऊ शकतो. मेल्यावर नाही होत. बहात्तर नंबर तेव्हा हयात नव्हता."

पहिल्या रांगेत ताईंनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. सरांची नजर तिकडे गेली आणि परत फिरली.

"नमुने भरायचा सराव असलेला माणूस नळी पाऊण भरतो," भूलबाई पुढे म्हणाल्या. "ज्याने वीस वर्षांत नळीला हात लावला नाही, तो काठोकाठ भरतो. मग गोठताना झाकणं उडतात, सांडलेलं बर्फ होतं, ट्रे फळीला चिकटतो. परवा संध्याकाळी तो माणूस पाहुण्यांसाठी नळ्या निवडायला आला. बघतो तर चांगले चार ट्रे गायब आणि नको तोच समोर. तो पळवला असता तर पाचही चोरीला गेले म्हणून मोकळा झाला असता. पण त्याच्याच कर्माने ट्रे नळ्यांसकट जखडलेला! म्हणून प्लग काढला. रात्रभर वितळू दे, सकाळी सुटला की बॅगेत घालून नेऊ. सकाळी मोठी रिकामी बॅग घेऊन आला. पण सिस्टर आणि सामान्य आधीच डबक्यात उभे."

सभागृहात सरासरी एकदम टाळ्या वाजवायला लागला. एकटाच. मग थांबला.

"हा कट आहे!" सर ओरडले. घामाने त्यांची कॉलर भिजली होती. "मुंग्या! बूट! हा काय पुरावा झाला? मी घरोघर गेलो, त्या लोकांच्या पाया पडून नमुने आणले! ते माझेच आहेत कशावरून? मला साखर नाही! मी साखर सोडलीय, इच्छाशक्तीवर!"

"तुमचे आहेत असं मी अजून म्हटलं नव्हतं," भूलबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

मी हळूच ताईंकडे वाकलो. "वर्षभर वाट बघितलीत. आता कसं वाटतंय?"

त्यांनी सरांवरची नजर हलवली नाही. थोडा विचार केला, अर्जात योग्य शब्द शोधावा तसा.

"चटक लागेल असं," त्या म्हणाल्या.

कालचं माझं भव्य वाक्य मला आठवलं. ते डबक्यातच बरं होतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि सिस्टर आत आल्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. आदर होता तो त्यांच्या चेहऱ्यावरून पुसला गेला होता. राहिलं होतं नुसतं काम. सगळ्या सभेच्या देखत त्या सरळ मंचापर्यंत गेल्या, सरांपुढे उभ्या राहिल्या आणि एक नवी, कोरी, रिकामी नळी त्यांच्या हातात दिली.

"सर, तेवढा एक नमुना द्याल का?" त्या म्हणाल्या. "आणि पाऊणच भरा हं."